क्रिएटिनिन 1.1 : पैलवानाचं आणि म्हातारीचं

नगरला तारकपूर-सावेडी पट्ट्यात कुठल्याही स्कॅन सेंटरच्या बाहेर थोडा वेळ उभं राहा, एक भांडण हमखास कानावर येतं. आतून सांगतात, "डाय टाकून सिटी स्कॅन करायचाय, आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणा." बाहेर नातेवाईक पेटतो. दुखतंय पोट आणि टेस्ट किडनीची? पेशंट शेवगाववरून आणलाय, गाडी भाड्याची आहे, त्यात आता लॅब शोधा, रक्त द्या, तासभर थांबा. शेवटी एकजण म्हणतोच, "सगळं कट प्रॅक्टिस आहे राव."

कट प्रॅक्टिस नाहीच, असं सांगायला मी काही डॉक्टरांचा वकील नाही. ती आहे आणि तिच्यावर बोललंच पाहिजे. पण ही एक टेस्ट त्या खात्यात टाकू नका. माझं आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेलं. सनावळी पाठ करून घेणारा मास्तर म्हणून पोरं मला अजून शिव्या देतात. त्या सवयीनं मी या टेस्टची सनावळी शोधत गेलो, आणि लक्षात आलं की "उपचाराआधी किडनी बघा" हा नियम कुणी सुखासुखी बसून केलेला नाही. प्रत्येक वेळी आधी माणसं गेलीत, मग नियम आलाय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात लघवीपासून झाली. 1827 साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरनं अंगाला सूज आलेल्या रोग्यांबद्दल लिहिलं. तो रोग्याची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायचा. अंड्याचा पांढरा बलक तापल्यावर जसा गोठतो, तसं लघवीत काही गोठलं तर प्रथिनं वाहून चाललीत, म्हणजे किडनी बिघडली. त्यानं मेलेल्यांच्या किडन्या उघडून बघितल्या आणि ताळा जमला. त्याच सुमारास त्याच्या सोबत्यांनी दाखवलं की अशा रोग्यांच्या रक्तात युरिया साठतो. जे लघवीतून जायला हवं ते रक्तात मागं राहतं. आजच्या रिपोर्टवरच्या "ब्लड युरिया"चं मूळ तिथं आहे. आपल्याकडं अगदी परवापरवापर्यंत छोट्या दवाखान्यांत काचेच्या नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचे. वयस्कर वाचकांना तो वास आठवत असेल.

पण युरिया भरवशाचा नाही. जास्त डाळ-मटण खाल्लं, पोटात रक्तस्राव झाला, नुसतं पाणी कमी पडलं तरी तो चढतो. त्याहून स्थिर असं काहीतरी हवं होतं, ते क्रिएटिनिनमध्ये सापडलं. क्रिएटिनिन म्हणजे आपल्या स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा कचरा. रोज साधारण तेवढाच तयार होतो आणि किडनी तो गाळून टाकते. 1886 साली मॅक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की अल्कलीमध्ये पिक्रिक ॲसिड घातलं आणि त्यात क्रिएटिनिन असलं की पिवळ्या द्रावणाला शेंदरी रंग चढतो. रंग जितका गडद तितकं क्रिएटिनिन जास्त. हे पिक्रिक ॲसिड म्हणजे पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांत भरायचे तोच पदार्थ. लष्करी छावणीच्या आपल्या गावाला हे सांगायला मजा वाटते. 1904 मध्ये अमेरिकेत ऑटो फोलिननं रंग मोजायचं यंत्र वापरून या पद्धतीला आकड्याची शिस्त लावली. 1926 मध्ये डेन्मार्कच्या रेबर्ग नावाच्या शास्त्रज्ञानं तर स्वतः क्रिएटिनिन गिळलं आणि किडनी किती वेगानं गाळते हे स्वतःच्याच रक्त-लघवीवर मोजलं. आज तुमच्या तालुक्याच्या लॅबमधलं मशीन जे करतं, त्यात बऱ्याच ठिकाणी अजून याफेचीच रंगाची युक्ती आहे. सव्वाशे वर्षांहून जुनी.

टेस्ट होती. पण "उपचाराआधी करा" असं म्हणायची गरज कुणाला वाटली नव्हती, कारण उपचारानंच किडनी जाईल हे डोक्यात नव्हतं.

1937 साली अमेरिकेत एका कंपनीनं सल्फा औषधाचं पातळ सिरप काढलं. ते विरघळवायला वापरलं डायएथिलीन ग्लायकॉल. गोड लागतं, स्वस्त पडतं, आणि किडनी मारतं. विकण्याआधी कुणी ते तपासलं नाही, कारण तपासायची सक्ती करणारा कायदाच नव्हता. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं बरीच. लघवी बंद व्हायची आणि काही दिवसांत खेळ संपायचा. पुढच्याच वर्षी तिथं औषध कायदा कडक झाला. आपल्याकडं औषध कायदा 1940 चा.

कायदा असूनही काय होतं ते मुंबईनं 1986 मध्ये बघितलं. ज्यांची वयं पन्नासच्या पुढं आहेत त्यांना जे. जे. हॉस्पिटलचं ग्लिसरीन कांड आठवेल. त्या वेळी पेपर उघडला की तेच असायचं. तरुणांसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या राज्याच्या इतिहासातलं हे पान शाळेच्या पुस्तकात येत नाही.

डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब उतरवायला तेव्हा ग्लिसरीन पाजायचे. साधं, जुनं, स्वस्त औषध. जानेवारी-फेब्रुवारी 1986 मध्ये जे. जे. मधले असे रोगी अचानक बिघडायला लागले. आले होते डोळ्याचं नाहीतर डोक्याचं दुखणं घेऊन, आणि मरायला लागले किडनी बंद पडून. 14 जण गेले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या सगळ्यांत सारखी गोष्ट एकच, ग्लिसरीन. तपासल्यावर निघालं की ते औषधी दर्जाचं नव्हतंच, त्यात तेच 1937 चं डायएथिलीन ग्लायकॉल होतं. दिसायला सारखं, चवीला सारखं, भावाला स्वस्त. 49 वर्षांपूर्वी अमेरिकेत जे झालं तेच, आपल्या राज्याच्या सगळ्यात मोठ्या सरकारी हॉस्पिटलांपैकी एकात.

सरकारनं हायकोर्टाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला. अशा आयोगांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे, पण लेंटिन वेगळे निघाले. औषध कुणी विकलं एवढ्यावर ते थांबले नाहीत. परवाना कसा मिळाला, खरेदी कशी झाली, औषध प्रशासनानं काय केलं, हॉस्पिटलच्या वरच्या मंडळींनी काय झाकलं, मंत्रालयातून कुणाचे फोन गेले, असं धागा धरून ते वर चढत गेले. अहवाल 1988 मध्ये लोकांपुढे आला आणि आरोग्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. मुंबईतले मेंदूचे सर्जन डॉ. सुनील पंड्या यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या प्रकरणावर लिहिलं, म्हणून जगाला ते कळलं.

मी या प्रकरणाकडं एका वेगळ्या बाजूनं बघतो. ते औषध कारखान्यात तपासायला हवं होतं, गोदामात तपासायला हवं होतं, हॉस्पिटलच्या दारात तपासायला हवं होतं. कुठंच झालं नाही, म्हणून ते शेवटी 14 माणसांच्या रक्तात तपासलं गेलं. आणि तिथंही धोक्याची घंटा लवकर वाजायची असेल तर एक गोष्ट आधी हातात लागते: औषध द्यायच्या आधीचा आकडा. डोळ्याच्या रोग्याचं क्रिएटिनिन आज 4 आलं, तर ते आधीपासून 4 होतं की परवा 1 होतं? परवाचा कागदच नसेल तर डॉक्टर म्हणणार, जुना किडनीचा आजार असेल. परवाचा कागद असेल तर म्हणणार, काहीतरी दिलंय आपण याला. उपचाराआधीची टेस्ट फक्त "द्यायचं की नाही" हे ठरवायला नसते. बिघडलंच तर चोर पकडायला ती लागते.

हे जुनं झालं म्हणाल, तर 2025 चं बघा. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली लेकरं, साधा सर्दी-खोकला, गावातच सिरप दिलं. काही दिवसांत लघवी बंद. त्या भागातली माणसं मोठ्या उपचाराला नागपूर गाठतात, तशी ही लेकरं नागपूरला आणली गेली. वीसहून जास्त लेकरं गेली. तामिळनाडूत बनलेल्या त्या कोल्ड्रिफ सिरपच्या बॅचमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. चालतं किती? 0.1 टक्का. मग आपल्या एफडीएनंही ती बॅच वापरू नका म्हणून फर्मान काढलं. 1937, 1986, 2025. मास्तर म्हणून मला ही सनावळी फळ्यावर लिहायची लाज वाटते.

आता डायकडं येऊ, भांडण तिथंच सुरू झालं होतं. सिटी स्कॅनमध्ये शिरेतून सोडतात ते आयोडीनचं औषध. त्यामुळं शिरा, गाठी, सूज ठळक दिसते. ते बाहेर पडतं किडनीतून. आधीच अशक्त किडनीवर त्याचा बोजा पडतो, म्हणून आधी आकडा मागतात. इथं एक प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी या डायची जेवढी भीती होती तेवढी आता राहिलेली नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीच्या संस्थांनी मिळून सांगितलं की खरी काळजी गाळण्याचा वेग 30 च्या खाली असलेल्यांची घ्यायची. (हा वेग काय ते पुढं सांगतो.) आणि लकवा मारलाय, अपघात झालाय, मिनिटं मोजायची वेळ आहे, तर डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत आणि थांबूही नये. तिथं "टेस्ट का नाही केली" म्हणून भांडू नका.

एमआरआयचा डाय वेगळा, गॅडोलिनियमचा. तो किडनीच्या रोग्यांना सुरक्षित म्हणून वर्षानुवर्षं बिनधास्त देत होते. 1997 मध्ये अमेरिकेत काही डायलिसिसवाल्यांची कातडी चामड्यासारखी टणक व्हायला लागली, सांधे आखडले, हात सरळ होईना. कारण कळेना. 2006 मध्ये कुठं युरोपातल्या डॉक्टरांनी दुवा जोडला: हे सगळे जण गॅडोलिनियम घेतलेले होते आणि किडनी नसल्यामुळं ते अंगातच राहिलं होतं. नऊ वर्षं गेली हे कळायला. त्यानंतर एमआरआयच्या फॉर्मवर "किडनीचा त्रास आहे का?" हा रकाना आला. तो रकाना आपण न वाचता "नाही" लिहितो.

आणि आता गिधाडं. किडनीच्या पोस्टमध्ये गिधाडं कुठून आली म्हणू नका, या इतिहासातला सगळ्यात मोठा पुरावा त्यांनीच दिलाय.

आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की दुपारपर्यंत आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या. संध्याकाळी नुसता सापळा. आज माझ्या नातवाला गिधाड चित्रात दाखवावं लागतं. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं अशी कोसळली की मुख्य तीन जातींतली शंभरातली नव्वदहून जास्त संपली. विषबाधा, रोग, सगळे अंदाज झाले. 2004 मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटानं कारण शोधलं: डायक्लोफेनॅक. बैल लंगडला, गाय आजारी पडली की पशुवैद्य हे दुखणं कमी करायचं इंजेक्शन मारायचे. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची किडनी बंद पडायची. मेलेल्या गिधाडांच्या आतड्या-काळजावर युरिक ॲसिडचा पांढरा थर चढलेला सापडायचा, चुना फासल्यासारखा. 2006 मध्ये सरकारनं जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. तरी माणसांच्या नावानं मोठ्या बाटल्या निघत होत्या आणि गोठ्यात जात होत्या, म्हणून 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शनही 3 मिलीच्या छोट्या बाटलीतच विकायची सक्ती आली.

माणूस गिधाड नाही, एका सुईनं त्याची किडनी जात नाही. पण हेच औषध आपल्याकडं "पाठीत चमक भरली, एक सुई मारा" म्हणून रोज टोचलं जातं. वय झालेलं, शुगर असलेलं, उन्हात सुकलेलं, जुलाबानं आटलेलं शरीर असेल तर या पेनकिलरमुळं किडनीकडं जाणारं रक्त आणखी कमी होतं. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारख्या इंजेक्शनांचंही तसंच, त्यांचा डोस किडनी बघूनच ठरवायचा असतो. शुगरची सगळ्यात खपणारी गोळी मेटफॉर्मिन, तीही गाळण्याचा वेग 30 च्या खाली गेला की बंद करतात. सिटी स्कॅनआधी टेस्ट मागितली की आपण भांडतो. महिनोन्‌महिने पेनकिलर खाण्याआधी कुणी मागत नाही, आणि आपणही विचारत नाही. खरी टेस्ट तिथं हवीय.

आता शीर्षकातला 1.1.

मागच्या साली माझ्या मामींच्या गुडघ्यांसाठी तपासण्या झाल्या. मामी पाथर्डी तालुक्यातल्या, वय 62, अंगकाठी अशी की वारा आला तर धरून ठेवावं लागतं. रिपोर्टवर क्रिएटिनिन 1.1, पुढं छापलेलं "नॉर्मल". मामेभाऊ खुश. डॉक्टर वयानं लहान होते, पण त्यांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "आजी, वजन किती?" मामी म्हणाल्या, "मला काय माहीत बाबा, गिरणीत दळण मोजत्यात, मला कोण मोजतंय?" काट्यावर उभं केलं. 40 किलो. डॉक्टरांनी मोबाईलवर काहीतरी हिशोब केला आणि गुडघ्याच्या गोळ्यांची चिठ्ठी फाडून दुसरी लिहिली.

तो हिशोब 1976 चा आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये डोनाल्ड कॉकक्रॉफ्ट आणि हेन्री गॉल्ट या दोन डॉक्टरांनी 249 पुरुषांच्या मोजमापांवरून तो बसवला. 140 मधून वय वजा करा, त्याला वजनानं गुणा, मग 72 गुणिले क्रिएटिनिननं भागा. बाई असेल तर उत्तराला 0.85 नं गुणा. सातवीच्या पोराला जमेल असं गणित आहे. मामींचं करून बघा: उत्तर येतं साधारण 33. आता याच 1.1 वर आपल्या नगरच्या तालमीतला 28 वर्षांचा, 80 किलोचा पैलवान घ्या. त्याचं येतं 113. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्तरस साफ करते त्याचा हा अंदाज. लॅबनं दोघांच्या कागदावर सारखंच "नॉर्मल" छापलं. एकाची किडनी ठणठणीत, दुसरीची तिसऱ्या हिश्श्यावर.

असं का? क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. पैलवानाच्या अंगात स्नायूच इतका की कचरा जास्तच निघणार, त्यामुळं 1.1 म्हणजे त्याची किडनी तो सगळा मजेत काढतेय. मामींच्या अंगावर मांसच नाही. त्यांचा कचरा मुळात मूठभर, तरी तो 1.1 पर्यंत साठलाय, म्हणजे गाळणीच दमलीय. हे डॉक्टर लोकांना पहिल्या वर्षापासून माहीत असतं. पण ओपीडीत शंभर पेशंट असले की डोळा फक्त जाड ठशात काही छापलंय का तेवढंच बघतो.

नवी सूत्रंही आलीत. 2021 च्या सूत्रानं मामींचं 57 येतं आणि पैलवानाचं 94. पण ते उत्तर ठरावीक मापाच्या शरीराला लावून काढलेलं असतं, 40 किलोच्या बाईला डोस ठरवताना तिच्या अंगानं पुन्हा कापावं लागतं. कुठलंही सूत्र घ्या, दोघं एका ओळीत बसत नाहीत. लॅब मात्र बसवते. आणि दुसरा सापळा: लॅबची हद्द साधारण 0.6 ते 1.2. एखाद्याचं नेहमीचं 0.6 होतं आणि आता 1.2 झालं, तर ढोबळमानानं किडनीचं अर्धं काम गेलं. दोन्ही कागदांवर "नॉर्मल". म्हणून जुने रिपोर्ट चुलीत घालू नका. फाईल करा, नाहीतर निदान फोटो काढून पोराच्या मोबाईलमध्ये ठेवा.

रिपोर्टवर ईजीएफआर नावाचा आकडा छापतात तो हाच, गाळण्याचा वेग. वर 30 म्हणालो तो याचा. वय आणि बाई-पुरुष हे लॅबकडं लिहिलेलंच असतं, म्हणजे तो काढायला जास्तीचं रक्तही लागत नाही, जास्तीचं केमिकलही लागत नाही. नुसती बेरीज-वजाबाकी. तरी अनेक रिपोर्टवर तो नसतो. का नसतो हे लॅबवाल्यांना विचारा.

हे सगळं मी आत्ता लिहितोय त्याला कारण आहे. दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाड्या-तांड्यांवरून कोयते निघतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात, 1950 मध्ये प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं झाली. त्याचा अभिमान आपण सांगतो, सांगावाच. पण ज्यांच्या कोयत्यावर ती उभी राहिली त्यांचं रक्त कधी तपासलं?

मध्य अमेरिकेत तपासलं गेलं. निकाराग्वा, एल साल्वाडोर या देशांत ऊसतोड मजूर तिशी-चाळिशीतच किडनी जाऊन मरायला लागले. ना शुगर, ना बीपी. 2000 नंतर डॉक्टरांनी यावर लिहायला सुरुवात केली. तोपर्यंत हजारो गेले होते. भर उन्हात दिवसभर अंगमेहनत, घाम, पाणी कमी, आणि अंग दुखतं म्हणून पेनकिलर, हे संशयाच्या यादीत सगळ्यात वर आलं. काही कारखान्यांत पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती दिली, तर मजुरांच्या किडनीची हानी कमी झालेली रक्तातच दिसली. आपल्या फडावर बघा. पहाटेपासून तोड, मार्च-एप्रिलचं ऊन, खाडा झाला तर पैसे कापणार. बायका तर आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. आणि कोपीत प्रत्येकीच्या पिशवीत पेनकिलरचं पाकीट.

म्हणजे सरळ मागणी काय, की तोडीला जायच्या आधी सगळ्यांचं क्रिएटिनिन करा. मीही तेच म्हणणार होतो. पण निकाराग्वाचं पुढचं वाचलं आणि थांबलो. तिथं कारखान्यांनी हंगामाआधी ही टेस्ट सुरू केली, आणि ज्याचं क्रिएटिनिन जास्त त्याला कामावरून परत पाठवलं. उपचार नाही, पर्यायी काम नाही. माणसं काय करणार? दुसऱ्याच्या नावावर, ठेकेदारामार्फत पुन्हा त्याच उसात शिरली. टेस्ट तीच, याफेचीच. पण तिचा कागद रोग्याच्या हातात न जाता मालकाच्या हातात गेला की ती चाळणी होते. आपल्याकडं तर अंगावर उचल असते. मुकादमाला कळलं की अमकीची किडनी अर्धी आहे, तर पुढच्या साली उचल मिळेल? आणि नाही मिळाली तर मागची फेडायची कशी?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. टेस्ट हंगामाआधी आणि परत आल्यावर, दोन्ही वेळा, गावातल्या आरोग्य केंद्रात व्हावी. कारखान्याच्या गेटवर नको, मुकादमाच्या यादीवर नको. सरकारी केंद्रांतून रक्ताचे नमुने जमा करून महालॅबमार्फत तपासायची सोय आहेच. कागदावर वजन आणि ईजीएफआर असावा आणि तो कागद त्या बाईच्या हातात द्यावा. तिला वाचता येत नसेल तर समजावून सांगायला माणूस हवा. हे अशक्य आहे असं मला निदान या जिल्ह्यात कुणी सांगू नये. 1970 मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं, तेव्हा कधी शाळेचं तोंड न बघितलेल्या बायकांना त्यांनी आरोग्य शिकवलं. दलित वस्तीतल्या, टाकलेल्या, कुणी पाणी न पाजणाऱ्या बायका. त्यांनी गावाची बाळंतपणं, कुपोषण सांभाळून दाखवलं आणि जगभरातून लोक ते बघायला आले. ज्या मातीत हे झालं तिथं एका आशाताईला "140 वजा वय" शिकवता येत नाही?

एकदा किडनी पूर्ण गेली की आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिस, दर वेळी चार-चार तास. सरकारी योजनेत ते फुकट मिळतंही, पण पाथर्डीहून नगर पन्नासेक किलोमीटर. येणारा आणि त्याच्यासोबतचा, दोन माणसांचा रोज बुडतो, एसटीचं भाडं वेगळं. कोयता मोडतो तो असा.

तुमच्या घरात शेवटचा झालेला रक्ताचा रिपोर्ट काढा. क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापलाय का बघा आणि गावाच्या नावासह मला कळवा. लॅबचं नाव नको, कुणाची बदनामी करायची नाही. आलेला हिशोब मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात अर्ज करून देणार आहे, टोळ्या निघायच्या आत.